तुषार सिंचनाचा कंट्रोलर घरच्या घरी बदलताना

अमेरिकेच्या उपनगरांत घर घेणाऱ्या मराठी कुटुंबांकडे घराच्या किल्ल्यांबरोबर आणखी एक जबाबदारी येते, ती म्हणजे घरापुढच्या आणि घरामागच्या हिरवळीची. कॅलिफोर्निया, अ‍ॅरिझोना, टेक्सास यांसारख्या कोरड्या किंवा कडक उन्हाळ्याच्या राज्यांत ही हिरवळ केवळ पावसाच्या भरवशावर तग धरत नाही. जमिनीखाली पुरलेले पाइप, त्यांच्या टोकांना बसवलेले स्प्रिंकलर, पाणी सोडणारे व बंद करणारे व्हॉल्व्ह आणि या सर्वांना वेळेवर हुकूम देणारी, बहुधा गॅरेजच्या भिंतीवर टांगलेली एक पेटी अशी ही सारी व्यवस्था असते. या पेटीलाच कंट्रोलर किंवा बोलीभाषेत टायमर म्हणतात. पुणे, नाशिक, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर येथील बंगले, रो-हाऊस आणि शहराबाहेरची फार्महाऊस यांतही आता अशी व्यवस्था दिसू लागली आहे.

हा कंट्रोलर बिघडला की दोनच गोष्टी संभवतात. एक तर पाणी येतच नाही आणि ऐन उन्हाळ्यात आठवडाभरात हिरवळ पिवळी पडते. किंवा पाणी थांबतच नाही आणि घरमालकाला त्याचा पत्ता महिन्याच्या बिलावरून लागतो. कारागीर बोलावला तर त्याच्या येण्याजाण्याचेच पैसे कंट्रोलरच्या किमतीच्या घरात जातात. प्रत्यक्षात पेटी बदलणे हे पक्कड, स्क्रू-ड्रायव्हर आणि थोडा धीर एवढ्यावर होणारे, दोन-तीन तासांचे काम आहे. मात्र ते करण्यापूर्वी बिघाड खरोखर त्याच पेटीत आहे, याची खात्री करून घेणे आवश्यक असते. कारण पुष्कळदा दोषी असतो व्हॉल्व्ह, आणि शिक्षा होते कंट्रोलरला.

प्रश्न केवळ पैशांचाही नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या म्हणजे 'ईपीए'च्या अंदाजानुसार तेथील कुटुंबाच्या एकूण पाणीवापरापैकी सरासरी ३० टक्के पाणी घराबाहेर खर्च होते, आणि सदोष सिंचनामुळे त्यातील निम्म्यापर्यंत पाणी वारा, बाष्पीभवन व वाहून जाणे यांत वाया जाऊ शकते. दुष्काळामुळे १ एप्रिल २०१५ रोजी कॅलिफोर्नियाचे तत्कालीन गव्हर्नर जेरी ब्राऊन यांनी शहरी पाणीवापरात २५ टक्के कपात सक्तीची केली, तेव्हा पहिली कुऱ्हाड हिरवळीवरच कोसळली होती. महाराष्ट्रालाही हा विषय परका नाही. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी नेले जात असतानाच, मैदानांवर खर्च होणाऱ्या पाण्याच्या प्रश्नावरून मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिलअखेरीनंतरचे आयपीएलचे सामने राज्याबाहेर हलवण्याचा आदेश दिला होता.

यंत्रणा चालते कशी?

स्वयंचलित तुषार सिंचनाचा उगम अमेरिकेच्या कोरड्या पश्चिमेकडचा. कॅलिफोर्नियातील ग्लेंडोरा येथील लिंबूवर्गीय फळांचे बागायतदार ऑर्टन एंगलहार्ट यांनी १९३३ मध्ये 'टक् टक्' आवाज करीत फिरणारा, आघातावर चालणारा स्प्रिंकलर तयार केला आणि १९३५ मध्ये त्याचे पेटंट मिळवले. शेतासाठी जन्मलेले हे तंत्र पुढे घरांच्या अंगणात आले आणि त्याला घड्याळाची जोड मिळाली.

आजच्या कंट्रोलरचे काम तत्त्वतः साधे आहे. घरातील वीज, अमेरिकेत १२० व्होल्ट तर भारतात २३० व्होल्ट, एका छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून जाऊन २४ व्होल्ट होते. ही वीज प्रत्यावर्ती म्हणजे एसी असते. बागेचे चार, सहा किंवा आठ विभाग पाडलेले असतात. त्यांना झोन किंवा स्टेशन म्हणतात. प्रत्येक झोनसाठी एक व्हॉल्व्ह असतो आणि त्यावर सोलेनॉईड नावाची तांब्याच्या तारेची गुंडाळी बसवलेली असते. कंट्रोलरने त्या झोनला २४ व्होल्ट दिले की गुंडाळीत चुंबकत्व येते, आतली छोटी दांडी वर उचलली जाते, रबरी पडद्यावरचा पाण्याचा दाब सुटतो आणि व्हॉल्व्ह उघडतो. वीज बंद होताच दाब पुन्हा साठून व्हॉल्व्ह मिटतो.

प्रत्येक व्हॉल्व्हपासून दोन तारा निघतात. त्यांपैकी एक तार थेट कंट्रोलरवरील आपापल्या क्रमांकाच्या टर्मिनलला जाते. दुसरी मात्र सर्व व्हॉल्व्हना सामाईक असते. तिला 'कॉमन' म्हणतात आणि ती बहुधा पांढरी असते. ही एक तार तुटली तर सारी बाग एकाच वेळी कोरडी पडते. निदान करताना ही गोष्ट ध्यानात ठेवणे महत्त्वाचे.

आधी निदान, मग खरेदी

तपासणीसाठी व्होल्ट व ओहम मोजणारा साधा डिजिटल मल्टिमीटर पुरेसा आहे. लक्षणांनुसार पुढील क्रमाने जावे.

पडदा पूर्ण कोरा असेल तर प्रथम सॉकेट तपासावे. गॅरेजमधील सॉकेट बहुधा 'जीएफसीआय' प्रकारच्या सुरक्षा बटणाशी जोडलेले असते आणि ते बटण दमट हवेने वा अन्य उपकरणाच्या दोषानेही पडू शकते. भारतात हेच काम एमसीबी आणि आरसीसीबी करतात. सॉकेटमध्ये वीज असेल तर कंट्रोलरवरील '२४ व्हीएसी' असे लिहिलेल्या दोन टर्मिनलांवर मल्टिमीटर एसी मापनावर ठेवून धरावा. तेथे २४ ते २८ व्होल्ट मिळत असूनही पडदा कोरा राहिला, तर कंट्रोलर गेला असे समजावे. शून्य दिसले तर दोष ट्रान्सफॉर्मरचा. तो सॉकेटमध्ये खोचण्याचा, सुटा प्रकार असेल तर तेवढाच बदलून काम भागते. जुन्या पेट्यांत काचेचा फ्यूजही असतो. तो पाहायला विसरू नये.

एकच झोन चालत नसेल तर अदलाबदलीची चाचणी करावी. वीज बंद करून, न चालणाऱ्या झोनची तार चालणाऱ्या झोनच्या टर्मिनलला आणि त्याची तार इकडे लावावी व दोन्ही झोन हाताने सुरू करून पाहावेत. रुसलेला झोन नव्या टर्मिनलवर चालू लागला तर जुन्या टर्मिनलमागचा भाग निकामी झाला आहे. तो तेथेही चालला नाही, तर कंट्रोलर निर्दोष असून दोष तारेत किंवा सोलेनॉईडमध्ये आहे.

सोलेनॉईडची परीक्षा कंट्रोलरजवळ उभे राहूनच होते. वीज बंद करून झोनची तार व कॉमन तार सोडवावी आणि त्या दोहोंमधील विद्युतरोध मोजावा. साधारणतः २० ते ६० ओहम हे निरोगी सोलेनॉईडचे लक्षण. त्यापेक्षा फारच कमी आकडा म्हणजे गुंडाळी किंवा तारा आतून एकमेकींना चिकटल्या आहेत. आकडाच न येणे म्हणजे तार कोठे तरी तुटली आहे.

पडदा व्यवस्थित, पण एकही झोन चालत नसेल तर आधी किरकोळ कारणे शोधावीत. डायल 'ऑफ'वर आहे का? पावसामुळे पाणी लांबणीवर टाकण्याची सोय चुकून चालू राहिली आहे का? ऋतुमानानुसार प्रमाण बदलणारी टक्केवारी शून्यावर आली आहे का? पर्जन्य संवेदक म्हणजे रेन सेन्सर सुकूनही परिपथ तोडलेलाच ठेवतो आहे का? हे सर्व ठीक असेल तर कॉमन तार आणि असल्यास मुख्य व्हॉल्व्ह यांच्याकडे वळावे.

पाणी थांबतच नसेल तर कंट्रोलरची वीज काढून घ्यावी. मिनिट-दोन मिनिटांनीही पाणी वाहतच राहिले, तर कंट्रोलरचा त्यात काही संबंध नाही. व्हॉल्व्हमध्ये खडा किंवा रेती अडकली आहे, रबरी पडदा फाटला आहे किंवा व्हॉल्व्हवरचा हवा-पाणी सोडण्याचा छोटा स्क्रू ढिला राहिला आहे. वीज काढताच पाणी थांबले, तर मात्र कंट्रोलरचा कार्यक्रम तरी चुकला आहे किंवा त्याचा आतील स्विच तरी चिकटला आहे.

दिवसातून अनेकदा पाणी सुटणे हा बिघाड नसून गैरसमज असण्याची शक्यता सर्वाधिक. त्याचा खुलासा पुढे वेळापत्रकाच्या भागात केला आहे.

नवी पेटी निवडताना

कंट्रोलरच गेला हे निश्चित झाल्यावर बाजारात जाण्यापूर्वी पाच गोष्टींची नोंद करावी.

पहिली, झोनची संख्या. जुन्या पेटीवर आठ टर्मिनल असली तरी प्रत्यक्ष तारा सहाच असू शकतात. असलेल्या तारांपेक्षा एक-दोन जागा जास्त असलेली पेटी घेणे शहाणपणाचे.

दुसरी, जागा. उघड्या भिंतीवर बसवायची असेल तर झाकण व कुलूप असलेली, पाऊस-ऊन सोसणारी बाहेरची पेटीच घ्यावी. घरातल्या जागेसाठीची पेटी बाहेर लावल्यास पहिल्याच पावसाळ्यात पैसे वाया जातात.

तिसरी, मुख्य व्हॉल्व्ह किंवा पंप आहे का. असल्यास नव्या पेटीवर 'एमव्ही' किंवा 'पी' अशी खूण असलेले टर्मिनल हवे.

चौथी, प्रणालीचा प्रकार. झोन अनेक असूनही जमिनीतून केवळ दोनच तारा वर आलेल्या असतील, तर ती सांकेतिक संदेशांवर चालणारी दुतारी प्रणाली आहे. तिला साधा कंट्रोलर चालत नाही. तसेच बॅटरीवर चालणाऱ्या टायमरचे सोलेनॉईड डीसीचे, क्षणिक झटक्यावर उघडमीट करणारे असतात. २४ व्होल्ट एसीच्या पेटीशी त्यांचे जमत नाही.

पाचवी, 'स्मार्ट' पेटी हवी की साधी. हवामानाची माहिती घेऊन पाण्याचे प्रमाण स्वतः बदलणाऱ्या पेट्या आता सर्रास मिळतात. ईपीएने 'वॉटरसेन्स' ही पाणीबचतीची मोहीम २००६ मध्ये सुरू केली आणि हवामानावर चालणाऱ्या कंट्रोलरना तिचे चिन्ह २०११ पासून मिळू लागले. हे चिन्ह असलेल्या पेटीवर अमेरिकेतील अनेक पाणीपुरवठा संस्था सवलत देतात. खरेदीआधी आपल्या शहराच्या संस्थेकडे चौकशी करावी. मात्र अशा बहुतेक पेट्यांना २.४ गिगाहर्ट्झचे वाय-फाय लागते आणि ते गॅरेजपर्यंत पोहोचते का, हे फोनवर आधीच पाहून घ्यावे. कंपनीने आपली इंटरनेट सेवा बंद केली तरी पेटीवरील बटणांनी पाणी देता यावे, अशी रचना असलेली पेटी अधिक भरवशाची.

तारांच्या रंगांचा घोटाळा

कंट्रोलरमधून बागेकडे जाणाऱ्या २४ व्होल्टच्या तारा हाताळणे फारसे धोक्याचे नाही. धोका आहे तो पेटीत येणाऱ्या घरगुती विजेचा. ट्रान्सफॉर्मर सॉकेटमध्ये खोचण्याचा असेल तर प्लग काढला की प्रश्न मिटतो. परंतु बाहेर बसवलेल्या अनेक पेट्यांत ट्रान्सफॉर्मर आतच असतो आणि भिंतीतून आलेली वीज थेट त्याला जोडलेली असते.

येथे भारतात वायरिंग पाहिलेल्या माणसाची मोठी फसगत होऊ शकते. भारतातील घरांत परंपरेने लाल, पिवळी किंवा निळी तार फेजची, काळी न्यूट्रलची आणि हिरवी अर्थिंगची असते. अमेरिकेत याच्या उलट काळी तार फेजची, म्हणजे जिवंत विजेची; पांढरी न्यूट्रलची आणि हिरवी किंवा उघडी तांब्याची अर्थिंगची असते. 'काळी म्हणजे निरुपद्रवी' ही सवय तेथे जिवावर बेतू शकते. भर म्हणून, त्याच पेटीत २४ व्होल्टच्या बाजूची कॉमन तारही पांढरीच असते. तेव्हा रंगावर विश्वास न ठेवता, मुख्य फलकावरील ब्रेकर पाडून, तो कोणी चढवू नये म्हणून त्यावर चिठ्ठी चिकटवून आणि मल्टिमीटरने शून्य पाहूनच हात घालावा. मल्टिमीटर स्वतः ठीक आहे ना, हे आधी चालू सॉकेटवर तपासून घ्यावे. थेट जोडणीची पेटी असेल आणि यातील एकाही पायरीबद्दल मनात शंका असेल, तर तेवढा भाग परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडे सोपवून उरलेले काम स्वतः करावे. त्यात कमीपणा नाही.

प्रत्यक्ष बदल

वीज तोडल्यावर पहिले काम छायाचित्राचे. झाकण काढून, सर्व तारा व टर्मिनलांचे क्रमांक स्पष्ट दिसतील अशी दोन-तीन छायाचित्रे घ्यावीत. पडद्यावर कार्यक्रम दिसत असेल तर वीज तोडण्यापूर्वीच तो कागदावर उतरवावा.

नंतर प्रत्येक तारेला कागदी चिकटपट्टी लावून तिचा क्रमांक लिहावा. रंगांवर विसंबू नये. जुन्या घरांत मधल्या दुरुस्त्यांमुळे एकाच रंगाच्या दोन तारा असणे नवलाचे नाही. तारा सोडवल्यावर त्यांचा जुडगा करून दोरीने किंवा पट्टीने बाहेर अडकवून ठेवावा, अन्यथा त्या पाइपमध्ये मागे सरकतात आणि नसता उपद्व्याप होतो.

जुनी पेटी उतरवून नवी पेटी डोळ्यांच्या उंचीवर बसवावी. कागदी नमुना दिला असल्यास तो भिंतीवर धरून छिद्रांच्या खुणा कराव्यात. विटांच्या वा काँक्रीटच्या भिंतीत ड्रिलने छिद्र पाडून प्लास्टिकचे प्लग ठोकावेत आणि मग स्क्रू पिळावेत.

तारांची टोके काळवंडली असतील तर तेवढा तुकडा कापून टाकावा आणि सुमारे एक सेंटिमीटर आवरण सोलून चकचकीत तांबे उघडे करावे. प्रथम कॉमन तार 'सी' किंवा 'कॉम' टर्मिनलमध्ये घालावी. कॉमन तारा दोन-तीन असतील तर त्या एका टर्मिनलमध्ये कोंबू नयेत. सर्व एकत्र पिळून, त्यांना एक छोटी तार जोडून, वर वायर-नट बसवावा आणि ती एकच तार टर्मिनलला द्यावी. त्यानंतर एक, दोन, तीन अशा क्रमाने झोनच्या तारा लावाव्यात. प्रत्येक तार हलकेच ओढून पाहावी. निसटली तर स्क्रू पुन्हा आवळावा. सुटे तांबे शेजारच्या टर्मिनलला टेकत नाही ना, हेही पाहावे.

रेन सेन्सर असेल तर 'सेन्सर' असे लिहिलेल्या दोन टर्मिनलांमधील धातूची पट्टी काढून तेथे त्याच्या दोन तारा जोडाव्यात. सेन्सर नसेल तर ही पट्टी मुळीच काढू नये. ती काढली की कंट्रोलरला कायम पाऊस पडत असल्याचा भास होतो आणि नवी कोरी पेटी 'बिघडलेली' म्हणून दुकानात परत जाते.

मुख्य व्हॉल्व्हची किंवा पंपाच्या रिलेची तार सर्वांत शेवटी लावावी. 'पी' टर्मिनलमधून मिळणारे २४ व्होल्ट फक्त रिलेसाठी असतात. पंपाची मोटर तेथे थेट जोडणे म्हणजे पेटीची राखरांगोळी करणे होय. अखेरीस वेळेची आठवण ठेवणारी बॅटरी असल्यास ती घालावी, ट्रान्सफॉर्मर जोडावा आणि मगच वीज सुरू करावी.

चाचणी

कार्यक्रम भरण्यापूर्वी प्रत्येक झोन हाताने दोन-दोन मिनिटे चालवावा आणि स्वतः बागेत उभे राहून पाहावा. क्रमांक आणि जागा जुळतात का, एखादा स्प्रिंकलर तुटून कारंजे उडते आहे का, पाणी रस्त्यावर किंवा भिंतीवर पडते आहे का, हे याच वेळी कळते. जमल्यास 'झोन १ : पुढची हिरवळ, डावी बाजू' अशी यादी करून झाकणाच्या आत चिकटवावी. पुढच्या वेळी पेटी उघडणाऱ्याला, मग तो घराचा नवा मालक का असेना, ती उपयोगी पडेल.

वेळापत्रक : खरी गोम येथे

कंट्रोलरमध्ये तीन गोष्टी भराव्या लागतात : पाणी देण्याचे वार, प्रत्येक झोनचा कालावधी आणि सुरुवातीची वेळ. यातील सुरुवातीच्या वेळेबाबत सर्वाधिक घोटाळा होतो. पेटीत सुरुवातीच्या चार वेळा भरण्याची सोय दिसते, झोनही चार असतात आणि घरमालक प्रत्येक झोनसाठी एक वेळ भरून मोकळा होतो. प्रत्यक्षात बहुतेक कंट्रोलरमध्ये सुरुवातीची एक वेळ ही संपूर्ण कार्यक्रमाची असते. ती झाली की कालावधी भरलेले सर्व झोन एकापाठोपाठ एक चालतात. चार वेळा भरल्या तर सारी बाग चार वेळा भिजते.

याचा हिशोब सोपा आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. स्थिर फवारा उडवणारे स्प्रिंकलर तासाला साधारण ४० मिलिमीटर पाणी देतात. म्हणजे १०० चौरस मीटर, अर्थात सुमारे १,०७५ चौरस फूट हिरवळीला चार झोनमधून प्रत्येकी दहा मिनिटे पाणी दिले, तर एका फेरीला सुमारे ६७० लिटर खर्च होतात. चुकून चार फेऱ्या झाल्या तर हाच आकडा २,६८० वर जातो. रोज अशी चूक झाली तर दहा दिवसांत सुमारे २० हजार लिटर, म्हणजे १० हजार लिटरचे दोन टँकर, विनाकारण जमिनीत मुरतात किंवा गटारात जातात.

सुरुवातीच्या अनेक वेळांचा योग्य उपयोगही आहे. चिकणमातीची किंवा आपल्याकडची काळी जमीन पाणी हळू पिते. बारा मिनिटे सलग फवारा दिल्यास निम्मे पाणी उतारावरून वाहून जाऊ शकते. अशा वेळी कालावधी चार मिनिटे ठेवून अर्ध्या-एक तासाच्या अंतराने सुरुवातीच्या तीन वेळा द्याव्यात. पाणी तेवढेच खर्च होते, पण ते मुळांपर्यंत पोहोचते.

फिरणारे रोटर स्प्रिंकलर तासाला साधारण १२ मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे स्थिर फवाऱ्याच्या तुलनेत बरेच कमी पाणी देतात. म्हणून दोन्ही प्रकारांना समान मिनिटे देऊ नयेत. आपले स्प्रिंकलर नेमके किती पाणी देतात, हे जाणण्यासाठी हिरवळीवर सरळ कडांचे सारखे डबे मांडून पंधरा मिनिटे फवारा चालवावा, डब्यांतील पाण्याची उंची पट्टीने मोजून सरासरी काढावी आणि चारने गुणावे. तासाचा आकडा हाती येतो.

पाणी द्यायची वेळ पहाटेची उत्तम. वारा पडलेला असतो, बाष्पीभवन कमी होते आणि उन्हात पाती लवकर सुकतात. संध्याकाळी दिलेले पाणी रात्रभर पानांवर राहते व बुरशीला आमंत्रण देते. अमेरिकेतील अनेक शहरांत पाणी देण्याचे वार आणि तास ठरवून दिलेले असतात व नियम मोडल्यास दंड होतो. नवा कार्यक्रम भरताना शहराचे चालू नियम पाहूनच वार निवडावेत. जेथे हिवाळ्यात पाणी गोठते, तेथे थंडीपूर्वी पाइपांतील पाणी काढून पेटी बंद ठेवावी लागते.

भारतात बसवताना

परदेशातून येणाऱ्या मुलाकडून किंवा मुलीकडून कंट्रोलर मागवण्याची पद्धत आहे. अशा वेळी ट्रान्सफॉर्मरवरील अक्षरे आधी वाचावीत. तेथे केवळ १२० व्होल्ट लिहिले असेल तर तो येथील २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये लावताच जळतो. लॅपटॉपचा चार्जर दोन्हीकडे चालतो म्हणून हाही चालेल, असे समजू नये. पेटीला बाहेरून २४ व्होल्ट एसी देता येत असतील तर २३० व्होल्टचे २४ व्होल्ट एसी करणारा, तेवढ्याच किंवा अधिक व्हीए क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर येथे घ्यावा.

घरातील पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ यंत्राचा अ‍ॅडॅप्टरही २४ व्होल्टचा असतो आणि तोच वापरण्याचा मोह होतो. पण तो डीसीचा असतो. एसीसाठी बनवलेल्या सोलेनॉईडमधून डीसीवर जास्त प्रवाह वाहतो, गुंडाळी तापते आणि काही काळाने जळते. कंट्रोलरचे आतले स्विचही डीसीवर एकदा सुरू झाले की बंद होत नाहीत. आकडा सारखा असला तरी वीज सारखी नसते, हे येथे ध्यानात घ्यावे.

दुसरा प्रश्न दाबाचा. गच्चीवरील टाकीचे पाणी दहा मीटर खाली आले तरी जेमतेम एक बार दाब मिळतो. फवारा नीट उडण्यासाठी सुमारे दोन बार लागतात. त्यामुळे आपल्याकडे बहुधा पंप लागतो. पंप असताना कंट्रोलरमध्ये रिकाम्या झोनना कालावधी दिलेला राहू नये. नाहीतर एकही व्हॉल्व्ह उघडा नसताना पंप चालू राहतो, पाणी आतल्या आत तापते आणि पंपाचे नुकसान होते. सोसायटीच्या सांडपाण्यावर प्रक्रिया करून ते बागेला दिले जात असेल तर व्हॉल्व्हच्या आधी गाळणी अनिवार्य समजावी. तसेच लोकांच्या वावराच्या जागी त्याचा फवारा उडवण्याऐवजी ठिबक बरे.

वीज वारंवार जात असेल तेथे स्मरणासाठीच्या बॅटरीकडे दुर्लक्ष करू नये. काही जुन्या पेट्या स्मृती गेल्यावर कारखान्यात भरलेल्या मूळ कार्यक्रमावर जातात आणि रोज प्रत्येक झोन चालवू लागतात. पेटीत मुंग्या व पाली घर करतात आणि टर्मिनलांवर गंज चढवतात. तारा आत येतात ते भोक लांबीने बुजवावे. वळवाच्या पावसात विजांचा कडकडाट सुरू झाला की प्लग काढून ठेवणे इष्ट, कारण जमिनीतून गेलेल्या लांब तारा विजेचा झटका थेट पेटीत आणू शकतात. पावसाळाभर कार्यक्रम 'ऑफ' ठेवला तरी पश्चिम महाराष्ट्रातील हिरवळीचे बहुतांशी काही बिघडत नाही; पावसाने दीर्घ ओढ दिली तरच तो पुन्हा चालू करावा.

जुनी पेटी कचऱ्याच्या डब्यात टाकू नये. भारतात ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले असून विजेवर चालणारी जुनी उपकरणे नोंदणीकृत पुनर्वापरकर्त्यांकडे जाणे अपेक्षित आहे. टाकण्यापूर्वी तिचा सुटा ट्रान्सफॉर्मर चालू स्थितीत असेल तर तो काढून ठेवावा. नव्या पेटीचा बिघाड शोधताना तोच तपासणीच्या कामी येतो.

नवी पेटी बसल्यावर पहिला महिनाभर दर आठवड्याला पाण्याच्या मीटरचा आकडा लिहून ठेवावा. आकडा अपेक्षेपेक्षा वेगाने वाढत असेल तर सुरुवातीच्या वेळा पुन्हा पाहाव्यात. त्या ठीक असतील तर सर्व झोन बंद असताना मीटरचा काटा फिरतो का, ते तपासावे. तो फिरत असेल तर गळती कंट्रोलरमध्ये नसून जमिनीखालच्या पाइपमध्ये किंवा व्हॉल्व्हमध्ये आहे आणि तिचा शोध फावडे घेऊनच घ्यावा लागेल.